पाण्यात बुडवलेलं शिंग

अँड्रू गिलक्राइस्टने दुसरं शिंगही फोडलं तेव्हा त्याची बायको इझबेल ओसरीत मक्याची कणसं सोलत बसली होती. कट् असा आवाज आला. तिने मान वर केली नाही. शिंग पुरतं तापलं नव्हतं, बुडाचं लाकूड ओलं होतं आणि नवऱ्याने वर हातोडा घातला होता, हे तिला नुसत्या आवाजावरून कळलं.

अँड्रू अंगणात ओंडक्यावर बसला होता. मांडीवर शिंग आणि शिंगाला बुडापासून वीतभर चीर. उंबऱ्यात सूत कातत बसलेल्या म्हातारीने, त्याच्या आईने, चरखा थांबवला.

"वाजवलेस बारा?" ग्रिझेल म्हणाली. "बापाच्या मागं एक बैल राहिला हुता. त्याचीबी दोन्ही शिंगं खाल्लीस."

"आई, गप बस."

"मी गप बसते. गाव बसंल का?"

गाव म्हणजे समुद्र ओलांडून आलेल्यांनी लॉरेल ओढ्याच्या काठी वसवलेली बारा घरं. पण बारा घरांना तोंडं शंभर होती आणि वर्षभर त्या शंभर तोंडांत एकच विषय होता. गेल्या हिवाळ्यात मुंगो प्राइसची टोळी डोंगरापलीकडे शिकारीला गेली, तिच्यात अँड्रू होता. नदी उतरताना तो पाण्यात पडला, उठला, हसला आणि चालू लागला. बंदुकीची दारू ठेवायच्या कमरेच्या शिंगात पाणी शिरलंय आणि ती भिजलीय, याचा त्याला पत्ताच नव्हता. तिसऱ्या दिवशी मुंगोच्या अंगावर अस्वल आलं. अँड्रूने नेम धरून चाप ओढला. ठिणगी पडली, बंदूक नुसती फुसकारली. मुंगो वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं अस्वलाच्या पोटात गेली.

तेव्हापासून अँड्रूचं नाव पडलं भिजका. रविवारी प्रार्थनेला गेला की त्याच्या बाकावर कोणीतरी ओलं फडकं ठेवलेलं असायचं. तो ते मुकाट्याने उचलून खाली टाकायचा आणि बसायचा. शेजारी बसलेली इझबेल ते बघायची आणि तिच्या कानशिलांतून वाफा निघायच्या.

आता पुन्हा पानगळ सुरू झाली होती आणि टोळी निघायच्या बेतात होती. मुंगोने निरोप धाडला होता. यायचं तर ये. पण आमचं जेवण होईस्तोवर तुझं शिंग माझ्या अंगणातल्या गुरांच्या डोणीत, पाण्याच्या तळाशी राहील. मग त्यातल्या दारूने एक बार काढायचा. निघाला तर चल, नाही निघाला तर घरी बसून मका सोल. आणि टोळीचा रिवाज होताच, की ज्याचं शिंग त्याने आपल्या हाताने केलेलं असावं.

हिवाळी शिकार म्हणजे हरणांची कातडी. कातडी आली तर वसंतात मीठ, नांगराचा फाळ, सुया. नाही आली तर काहीच नाही. आणि या साली जो मागे राहिला त्याला पुढल्या साली कोणी बोलवायचं नाही, हे ओढ्याकाठी कुणाला सांगावं लागत नव्हतं. हातात पाच दिवस होते आणि गिरणीवाल्याकडून मागून आणलेलं एक शिंग होतं.

इझबेलने मांडीवरची कणसं खाली टाकली आणि उठली.

"ते तिसरं इकडं दे."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? माझ्या बापानं जलमभर शिंगाच्या फण्या केल्या. मी काय नुसती डोकं विंचरत बसले हुते?"

अँड्रूने शिंग पाठीमागे लपवलं. एवढा दांडगा माणूस, पण लहान मुलासारखा तो हात मागे गेलेला बघून इझबेलला हसू आवरेना.

"रिवाज हाय," तो म्हणाला. "पोरं हसतील."

"आता काय रडत्यात व्हय तुझ्यासाठी?"

म्हातारीने चरखा बाजूला सारला. सुनेची बाजू तिने पंधरा वर्षांत दोनदा घेतली असेल. ही तिसरी वेळ.

"दे रं तिला," ती म्हणाली. "रिवाज काय पोटाला घालायचाय? आन तुला कुनी इचारलं तर शिंग तूच केलंस म्हनून सांग. देव एकडाव माफ करंल. मुंगो करायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी कढई चुलीवर चढली. शिंग उकळायला लागलं आणि घरभर करपल्या केसांसारखा वास सुटला. अँड्रू नाकाला हात लावून बाहेर पळाला. म्हातारीने शाल तोंडावर घेतली आणि आठवतील तेवढ्या शिव्या दिल्या. इझबेल मात्र कढईवर वाकली आणि तिने तो वास छातीभर ओढून घेतला. समुद्रापलीकडच्या लंडनडेरीची ती अरुंद गल्ली, बापाचं दुकान, त्याचे पिवळे पडलेले हात, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. पंधरा वर्षं तिने कुदळ धरली, दूध काढलं, लाकडं वाहिली, आणि आपल्या हातांना दुसरंही काही येतं हे ती विसरूनच गेली होती. तिला इतका आनंद झाला की तिने वाकून म्हातारीच्या गालाचा मुका घेतला.

"अगं, पिलीस का काय सकाळी सकाळी!" म्हातारी ओरडली.

आतलं हाड सुटून आलं. इझबेलने शिंगाच्या रुंद तोंडाची वेडीवाकडी कड करवतीने कापली आणि ते कापलेलं कडं चुलीशेजारी ठेवून दिलं. मग तिने अँड्रूला हाक मारली.

"तू चुकत कुठं हुतास ठाऊक हाय? शिंगाचं तोंड गोल नसतंय. तू गोल लाकूड तासत हुतास आन त्या वाकड्या तोंडात ठोकत हुतास. बसंल कसं? आधी तोंड गोल करायचं."

तिने निमुळता लाकडी खुंटा त्याच्याकडून करून घेतला. शिंगाचं तोंड उकळत्या चरबीत धरलं आणि मऊ होताच खुंट्यावर चढवलं.

"दाब! अंग टाकून दाब! हातोडा न्हाई, हातोडा ठेव खाली! नुसतं वजन!"

अँड्रूने दोन्ही तळवे लावून अंग टाकलं. शिंग हळूच सैल झालं, खुंट्यावर सरकलं आणि बसलं. दोघंही श्वास रोखून उभे होते. निवल्यावर इझबेलने खुंटा ओढून काढला. तोंड वाटीसारखं गोल झालं होतं. अँड्रूने त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"आयला," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्या घरात नवरा शिकाऊ झाला आणि बायको उस्ताद. तो शिंगाच्या तोंडात बसवायचं पाईनचं बूड तासायचा, ती ते परत करायची. "अजून ओलं हाय." मग तो लाकूड चुलीजवळ ठेवायचा, शेतावर जायचा, मका कापून यायचा आणि पुन्हा विचारायचा, "आता?" एवढ्यांदा त्याने बायकोला लग्न करशील का म्हणूनसुद्धा विचारलं नव्हतं. तिने तापलेल्या सळईने शिंगाच्या टोकाला भोक पाडलं, त्यात बसेल असं बूच त्याला करायला सांगितलं. तो फुंकर मारायचा, शिंगाच्या धुराने खोकायचा आणि तरी हटायचा नाही. संध्याकाळी गाईंचं दूध काढताना इझबेल गुणगुणायला लागली. गाईसुद्धा बिचकल्या.

तिसऱ्या दिवशी तासणी सुरू झाली. फुटक्या बाटलीची काच घेऊन इझबेल ओसरीत उन्हाला बसली. काच शिंगावरून ओढली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघून मांडीवर पडायची. खरखर जाऊन शिंग गुळगुळीत झालं, मग काळपट रंग जाऊन मधासारखं झालं, मग तिने ते उन्हात धरलं तर आतून उजेड आला. आत हात घातला तर बोटांची सावली बाहेरून दिसत होती.

"आई, बघा! अँड्रू, ये, ये लवकर! आत दारू किती उरली, बूच न काढता दिसंल!"

अँड्रू गोठ्यातून शेणाच्या हातांनीच धावत आला. म्हातारीही काठी टेकत आली. तिघंही त्या उजेडाकडे बघत राहिले. इझबेलला थांबवेना. आणखी थोडं, आणखी एक हात. बापाच्या दुकानात चांगल्या फणीची हीच खूण होती, पलीकडचं माणूस दिसलं पाहिजे. तिचे दंड भरून आले, बोटांना काच कापली, रक्त आलं ते तिने चोखून टाकलं आणि ती घासतच राहिली. ऊन उतरेपर्यंत तिने एकदाही मान वर केली नाही.

घोटाळा चौथ्या दिवशी दुपारी कळला. शिंग पुन्हा तापवून बूड बसवायला घेतलं. अँड्रू दाबत होता, ती धरून होती. बूड आत सरकायला लागलं आणि तिच्या अंगठ्याखाली काहीतरी लवलं. मग बारीक आवाज आला. केसाएवढी रेघ, लांबीला बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त नसेल.

"थांब!" ती किंचाळली. "काढ! काढ बाहेर!"

अँड्रूने बूड ओढून काढलं. इझबेलने शिंग उजेडात धरलं आणि मटकन खाली बसली. तोंडापासून चार बोटांवर तिने इतकं तासलं होतं, की तिथे शिंग नखाएवढंही जाड राहिलं नव्हतं. ती फणी तासत बसली होती. शिंगात दारू भरायची असते, ते कमरेला आदळतं, बुडावर दाब येतो, यातलं काही तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"माझ्यापायी झालं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "तू दोन फोडलीस ती फोडलीस. मी तिसरं फोडलं. मिजास केली मी."

अँड्रू तिच्याशेजारी जमिनीवर बसला. त्याच्या मोठ्या हाताने त्याने तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं, बैलाला थोपटावं तसं.

"मेणानं बुजंल?" त्याने विचारलं.

"मेण थंडीत तडकतंय."

"मग झालं तर," तो म्हणाला. "मका सोलू."

तो हे इतक्या साधेपणाने म्हणाला, की इझबेलला चीड आली. नवऱ्याची नाही, त्या बाकावरच्या ओल्या फडक्याची. तिने नाक पुसलं. चुलीशेजारी कापून ठेवलेलं कडं अजून तिथेच पडलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग एकदम उठली.

"कंदिलाला शिंगाच्या काचा लावत्यात, ठाऊक हाय ना? लहान तुकडे जोडून मोठी काच करत्यात. डिंक न्हाई, खिळा न्हाई. शिंगाला शिंग लावायचं, तापल्या सांडशीत दाबायचं. एकजीव हुतंय. बाप करायचा. मी बघितलंय."

"केलंयस कधी?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय! राखेचं पानी कर."

तिने कड्यातून बदामाच्या आकाराचा तुकडा कापला, कडा तासून पातळ केल्या. तो तुकडा आणि चिरेभोवतीची जागा तिने राखेच्या पाण्याने घासघासून धुतली, मग कढत पाण्यात बुडवली.

"आता कुनी बोट लावायचं न्हाई," तिने दोघांना बजावलं. "बोटाची चिकटाई लागली की मेलं. मग धरतच न्हाई."

"मी कशाला लावतीया," म्हातारी म्हणाली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

सांडशी विस्तवात तापली. इझबेलने तिच्यावर लोकरीचा धागा टेकवला. धागा काळा पडला. "लई तापली." तिने सांडशी हवेत हलवली, पुन्हा धागा टेकवला. पिवळा पडला. "आता! अँड्रू!"

सांडशीचा एक जबडा शिंगाच्या तोंडातून आत गेला, एक बाहेर राहिला. मध्ये चीर आणि चिरेवर लाकडी चिमट्याने बसवलेला तुकडा. अँड्रूने दांड्यांना ओलं फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी मुठी आवळल्या. फडक्यातून वाफ निघाली. त्याच्या मानेच्या शिरा टरारून उठल्या.

"किती येळ?" तो दातांतून बोलला.

"बाप एक स्तोत्र म्हणायचा. आई, म्हना!"

ग्रिझेलने घसा साफ केला आणि सुरुवात केली. पण ती म्हणायची ती प्रार्थनाघरातल्या पद्धतीने. आधी एक ओळ नुसती वाचल्यासारखी बोलायची, मग तीच ओळ गाऊन दाखवायची, मग श्वास घ्यायचा, मग पुढली. दुसऱ्या कडव्याला करपल्याचा वास यायला लागला.

"आई, आटपा! जळंल ते!"

म्हातारी थांबली. "देवाचं नाव आटपतं व्हय गं?"

"थांबू नका! म्हना!"

"मग मधी बोलू नकोस!" आणि तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. अँड्रूची मूठ मात्र सैल झाली नाही. शेवटी म्हातारीने इतकं लांबलचक आमेन म्हटलं, की इझबेलने ते संपायच्या आतच सांडशी हिसकावून शिंग गार पाण्यात बुचकळलं. चर्र झालं.

तिने ते बाहेर काढलं. अंगठ्याने दाबलं. मग जोर करून दाबलं. मग शिंग तोंडाला लावून, टोकावर बोट धरून गाल फुगवून फुंकलं. कुठूनही हवा आली नाही. उन्हात जोडाची ओलसर जागा जरा गडद दिसत होती, झाडाचं पान चिकटावं तशी.

"धरलं!" ती ओरडली. "अँड्रू, धरलं!"

अँड्रूने तिला उचलून गरकन फिरवलं. त्याच्या तळहातांना फोड आले होते आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. म्हातारी म्हणाली, "माझ्या आवाजानं धरलं," आणि त्यावर कोणी वाद घातला नाही.

बूड त्याच दिवशी बसलं. भोवती लाकडी काटे ठोकले, फटीत मेण ओतलं. अक्रोडाच्या सालीच्या पाण्यात शिंग रंगवलं.

पाचव्या दिवशी दुपारी मुंगो प्राइसच्या अंगणात सारा ओढा लोटला होता. टोळी दुसऱ्या सकाळी निघायची, म्हणून बायकांनी जेवणं आणली होती. टोळीत सहा माणसं. कुंपणावर भोपळा ठेवलेला होता.

मुंगोने तीन बोटांच्या हातात शिंग धरलं आणि फिरवून बघितलं. त्याचा अंगठा जोडावर थांबला.

"हे ठिगळ कसलं?"

"ठिगळ न्हाई, जोड हाय," अँड्रू म्हणाला.

"तू केलंस हे?"

इझबेलने नवऱ्याकडे डोळे वटारले. घरी ठरलं होतं, तो मीच केलं म्हणणार होता. अँड्रूने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या हातांवरच्या फोडांकडे.

"हिनं केलं," तो म्हणाला. "मी सांडशी धरली."

टोळीतला आर्ची डनलॉप पोट धरून हसला. "मग शिकारीला बी तिलाच धाड! तू घरी भाकरी भाज!"

सगळेच हसले. मुंगो हसला नाही. त्याने शिंग अँड्रूच्या हातात परत दिलं.

"रिवाज ठाऊक हुता तुला. मग हे पान्यात घालायचं कामच न्हाई. घरी जा, भिजक्या."

अँड्रूने मान खाली घातली. खरं बोलून माणूस एवढा लहान कसा दिसू शकतो, हे बघून इझबेलचं डोकंच फिरलं. ती बायकांतून वाट काढत पुढे आली, नवऱ्याच्या हातून शिंग घेतलं आणि डोणीजवळ जाऊन उभी राहिली.

"पान्याला काय कळतंय कुनाचा हात ते?" ती म्हणाली. "मी घालते. आन हे एकटंच कशाला? समद्यांचीच घाला की! का भ्यालात?"

"अँड्रूच्या बायकोला आवरा कुनीतरी," आर्ची म्हणाला.

"तुझं काढ आधी, आर्ची. का त्यात दारूच न्हाई?"

आता बायका हसल्या. मुंगोची बायको सगळ्यांत मोठ्याने हसली. मुंगोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याचं शिंग ओढ्याकाठी नावाजलेलं होतं. त्यावर तीन डोलकाठ्यांचं जहाज कोरलं होतं, हरणं कोरली होती, पोरंटोरं ते बघायला यायची. त्याने ते कमरेचं सोडलं.

"काढा रं," तो म्हणाला.

प्रत्येकाने दोन बारांपुरती दारू आत ठेवून बाकीची कोरड्या वाडग्यांत ओतली. सहाही शिंगं डोणीच्या तळाशी गेली, वर दगड ठेवले. मग सगळे जेवायला बसले. जेवण कसलं, नुसता घास फिरवणं. सगळ्यांचे डोळे डोणीकडे. म्हातारी ग्रिझेल मात्र डुकराचं मांस दोनदा मागून जेवली.

पहिलं शिंग अँड्रूचं निघालं. त्याने ते पुसलं, बूच काढलं आणि वाकडं केलं. कोरडी, काळी दारू भुरभुर बाहेर आली. त्याने बार भरला. बंदूक खांद्याला लावली. धडाम! कुंपणावरचा भोपळा फुटून बिया मुंगोच्या गाईवर जाऊन पडल्या. बायकांनी आरडाओरडा केला, कुत्री भुंकायला लागली. इझबेलने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि तरी तिचं हसू बाहेर आलंच.

मग आर्चीची पाळी. बंदूक फुसकारली. "भाकरी भाजायला मीठ हाय का घरात?" म्हातारीने विचारलं. त्याच्यामागून दोघांच्या शिंगांतून दारू ढेकळासारखी निघाली. एकाचा बार कसाबसा उडाला.

शेवटी मुंगो उठला. त्याने जहाजाचं शिंग पुसलं, बूच दातांनी काढलं आणि तळहातावर वाकडं केलं. काळं पाणी आलं. त्याच्या तीन बोटांतून ते ओघळून त्याच्या बुटांवर ठिबकलं.

कोणी हसलं नाही. तळहातावरच्या त्या काळ्या पाण्याकडे मुंगो बघत राहिला. बारा वर्षं तो हे शिंग कमरेला लावून नद्या उतरला होता. फक्त कधी पाण्यात पडला नव्हता, इतकंच. त्याने हात विजारीला पुसला, अँड्रूसमोर आला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "निघायचं मागं ढकलू. किती दिवस लागतील? समद्यांच्या शिंगांना?"

"मला काय इचारतोस?" अँड्रू म्हणाला. "तिला इचार."

मुंगो वळला. आजवर तो इझबेलशी एक शब्द बोलला नव्हता; जे बोलायचं ते अँड्रूच्या बायकोला सांगा म्हणून बोलायचा. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"बाई," तो म्हणाला, "किती दिवस?"

इझबेलने सगळ्या शिंगांवरून नजर फिरवली.

"आठ," ती म्हणाली. "सरपण तुमी फोडायचं. आन सांडशी ह्यो धरंल, दुसरं कुनी न्हाई."

मुंगोने आपलं शिंग तिच्या हातात दिलं आणि आर्चीला कुऱ्हाड आणायला पाठवलं.